कीपर पुढे आला तो दिवस

पावलं मोजायची सवय अजून गेलेली नाही. मार्केट यार्डातल्या आमच्या गाळ्याच्या उंबऱ्यापासून काट्यापर्यंत नऊ पावलं आहेत, हे मला हमालांच्या आधी ठाऊक होतं. संध्याकाळी सांगलीच्या आयर्विन पुलावरून चालत निघालो की मनात आकडे सुरू होतात, आणि एकोणीस आला की डावा खांदा आपोआप किंचित मागे जातो. माझा रनअप एकोणीस पावलांचा होता. हातातून चेंडू सुटून सव्वीस वर्षं झाली, एकोणीस काही सुटत नाही.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. तीही डावखुरी, तीही फास्ट बॉलर. मी तिला बॉलिंग शिकवलेली नाही, हे मुद्दाम सांगतो. ज्या सांगलीत स्मृती मानधना लहानाची मोठी झाली तिथल्या मुली आधी बॅट मागतात. २०२५ च्या नोव्हेंबरात भारताच्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, त्यानंतर तर नेटवर पॅड बांधून बसलेल्या मुलींची रांग संपेना. हिनं मात्र नवव्या वर्षी चेंडू उचलला, आणि तो डाव्या हातात उचलला. आमच्या घरात डाव्या हाताचं कौतुक कधीच नव्हतं. तीर्थ घेताना आजीनं माझ्या हातावर कितीदा चापट मारली असेल! जेवायला, लिहायला, आरतीचं ताट धरायला मी उजवा झालो. चेंडू तेवढा डाव्या हातात राहिला. मुलीला कुणी चापट मारली नाही. ती सगळंच डाव्या हातानं करते आणि मला ते बघायला फार आवडतं.

त्याच थंडीत एका संध्याकाळी ती सरावाहून आली. सायकल भिंतीला लावली आणि दारातच थांबली.

"पप्पा, वाकलं की इथं दुखतंय."

बोट कमरेच्या जरा वर, उजव्या बाजूला होतं. मी काही बोललो नाही. माझाच हात माझ्या पाठीवर त्याच जागी गेला.

दुसऱ्या दिवशी मिरजेला नेलं. आमच्याकडे दुखणं जरा मोठं वाटलं की माणूस मिरजेचाच रस्ता धरतो. एमआरआय झाला. डॉक्टरांनी पडद्यावर पाठीचे मणके दाखवले आणि सगळ्यात खालच्या मणक्याच्या मागच्या बाजूला, उजवीकडे, एक पांढुरका ठिपका दाखवला. हाडाला अजून चीर पडलेली नव्हती. चीर पडण्याच्या आधीची पायरी होती. चार महिने बॉलिंग बंद. चालायचं, पोहायचं, पोटाचे आणि पाठीचे व्यायाम करायचे, पण चेंडू टाकायचा नाही. तिनं मान हलवली. रिक्षात बसल्यावर रडली.

फास्ट बॉलरचं शरीर चेंडू सोडताना काय करतं, ते एकदा सावकाश बघावं. धावत आलेला अख्खा देह पुढच्या एका पायावर आदळतो. आपल्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या टाचेतून वर चढतो. त्याच क्षणी कंबर वळते आणि वरचं अंग एका बाजूला झुकतं. हे सगळं थोपवायला पाठीत असतं करंगळीपेक्षा बारीक हाड. डावखुऱ्या बॉलरचं बहुधा उजव्या बाजूचं जातं, उजव्याचं डाव्या बाजूचं. वाढत्या वयात ते हाड पुरतं पिकलेलं नसतं, आणि नेमकं त्याच वयात अंगात जोर उसळलेला असतो. ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर डेनिस लिली, त्याच्यासारख्या माणसाची पाठ १९७३ मध्ये अशीच मोडली होती. प्लास्टरमध्ये दिवस काढून तो परत आला आणि पुढे कितीतरी वर्षं खेळला. हे मला विसाव्या वर्षी माहीत नव्हतं. कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

त्या चार महिन्यांत रोज रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं जुने सामने लावून बसायला लागलो. तिनं विचारलं, कुणाचे बघायचे? मी म्हणालो, झहीर खान.

दुसरं कुठलं नाव माझ्या तोंडी येणं शक्यच नव्हतं. झहीर माझ्याच पिढीचा. ७ ऑक्टोबर १९७८ चा जन्म, श्रीरामपूरचा. श्रीरामपूर म्हणजे आमच्यासारखाच उसाचा मुलूख: कारखाने, ट्रॉल्या, हंगामात रस्त्यावर सांडलेली कांडकी. मराठी शाळेत शिकलेला. प्रवरानगरला इंजिनिअरिंगची ॲडमिशन मिळालेली असताना वडिलांनी त्याला क्रिकेटसाठी मुंबईला नेलं. आमच्याकडचा बाप उलट करतो, आणि ते चुकतो असं मी म्हणणार नाही. माझ्या आप्पांनी मला वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजचं फाटक दाखवून सांगितलं होतं, आत जायचं असेल तर अभ्यास कर, नाहीतर गाळ्यावर ये. मी गाळ्यावर आलो.

मुंबईत प्रशिक्षक सुधीर नाईकांच्या हाताखाली, मग चेन्नईला एमआरएफच्या अकादमीत, जिथे लिली येऊन शिकवायचा, असा झहीर घडत गेला. पण मुंबईच्या संघात जागा नव्हती. जागा मिळाली बडोद्याकडून. इथं मला विजय हजारे आठवल्याशिवाय राहत नाहीत. हजारे जन्मले सांगलीत, १९१५ साली, आणि मोठे झाले ते बडोद्याच्या आधारानं. १९५२ मध्ये मद्रासला भारतानं पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार तेच होते. सगळे त्यांची फलंदाजी सांगतात. मी मुलीला त्यांची मध्यमगती बॉलिंग सांगितली. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर त्यांनी ब्रॅडमनचा दोनदा त्रिफळा उडवला होता, एकदा सिडनीला आणि एकदा ॲडलेडला. बडोद्यानं आधी आमच्या हजाऱ्यांना घर दिलं आणि पन्नासेक वर्षांनी श्रीरामपूरच्या पोराला. २००१ मध्ये त्या पोरानं बडोद्याला रणजी करंडक जिंकून द्यायला मोठा हात लावला.

तिला मी सगळ्यात आधी दाखवला तो नैरोबीचा चेंडू. २००० च्या ऑक्टोबरातली आयसीसी नॉकआउट स्पर्धा, समोर ऑस्ट्रेलिया. झहीरचा तो पहिलाच महिना, आणि त्या दिवशी त्याचा बाविसावा वाढदिवस होता. स्टीव्ह वॉ खेळपट्टीवर घट्ट उभा. झहीर धावत येतो, शेवटच्या पावलांत हवेत उंच झेप घेतो, आणि चेंडू थेट बुंध्यात. यॉर्कर. वॉची बॅट खाली यायच्या आत स्टंप गेलेला. एकशेचाळीसच्या पुढचा वेग, आणि ती झेप! आजही अंगावर काटा येतो.

तो चेंडू मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा घरात कॉटवर पालथा पडलो होतो. पाठीवर विटकरीचा शेक.

माझी गोष्ट छोटी आहे, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. आम्ही मॅटिंगवर खेळायचो. सकाळी सहाला काथ्याची मॅट खांद्यावरून आणायची, चौघांनी चार बाजूंनी ताणायची, खिळे ठोकायचे. मॅटखालची जमीन दगडासारखी, पायात कॅनव्हासचे बूट. चेंडू मात्र असा उसळायचा की बाहेरगावचे बॅट्समन पहिल्या दोन षटकांत मागे सरकायचे. मी फास्ट होतो. गावाच्या मानानं बराच फास्ट होतो. कीपर माझ्या बॉलिंगला स्टंपच्या मागे पंधरा पावलांवर उभा राहायचा, आणि ते अंतर हीच माझी इभ्रत होती.

१९९९ च्या हिवाळ्यात पाठ दुखायला लागली. सगळ्यांचीच दुखते म्हणून बाम चोळून हंगाम काढला. मार्चमध्ये एक दिवस बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि सरळ होता येईना. पुढचे सात-आठ महिने गेले. त्याच महिन्यांत नैरोबी झालं. दिवाळीनंतर मी मैदानावर परत गेलो. पाठ दुखत नव्हती, पण पाय आपटताना मनात भीती होती, आणि भीती असली की वेग येत नाही. तिसऱ्या की चौथ्या चेंडूनंतर कीपरनं माझ्याकडे एकदा बघितलं. तो माझा मित्रच. चार पावलं पुढे आला. पुढच्या षटकात आणखी पुढे. आणि मग, अगदी सहज, स्टंपला चिकटून उभा राहिला, जसा तो ऑफस्पिनरला उभा राहायचा.

त्याच्या मनात काही नव्हतं. चेंडू तिथंच येत होता म्हणून तो तिथं आला होता. मी षटक पूर्ण केलं, चेंडू कॅप्टनच्या हातात दिला आणि त्या दिवसानंतर परत कधी चेंडू टाकला नाही. एकविसाव्या वर्षी.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. सगळ्यांना माहीत होतं ते एवढंच: पाठ गेली म्हणून सोडलं.

मुलीला २००३ च्या विश्वचषकाची फायनल दाखवावी की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. मग दाखवली. २३ मार्च, जोहान्सबर्ग. त्या स्पर्धेत झहीरनं अकरा सामन्यांत १८ बळी घेतले होते आणि आम्ही सगळे त्याच्या भरवशावर होतो. पहिलं षटक त्याचं. नो बॉल, वाइड, ऑस्ट्रेलियाच्या हेडनकडे बघून काहीतरी बोलणं, परत वाइड. षटक संपेपर्यंत दहा चेंडू आणि १५ धावा. शेवटी सात षटकांत ६७, बळी एकही नाही. ऑस्ट्रेलिया दोन बाद ३५९.

"हा तोच का?" तिनं विचारलं. तिच्या लेखी झहीर म्हणजे २०११ चा विश्वचषक जिंकलेला. २०११ ला ती माझ्या मांडीवर होती.

तोच. अंगात जोर मावत नव्हता आणि तो कुठं ओतायचा ते कळत नव्हतं. मला त्या षटकाचा राग कधीच आला नाही. मी त्या जागी असतो तर वीस चेंडूंचं षटक टाकलं असतं.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं त्याची मोडतोडीची गेली. २००३ च्या डिसेंबरात ब्रिस्बेनला त्यानं ९५ धावांत ५ बळी घेतले आणि त्याच मालिकेत मांडीच्या मागचा स्नायू दुखावला. परत येणं, परत दुखावणं. २००६ च्या सुरुवातीला पाकिस्तानचा दौरा झाला आणि तो कसोटी संघातून गेला. नवीन डावखुरे आले होते, त्याच्यापेक्षा तरुण, त्याच्यापेक्षा ताजे. वय सत्तावीस. आमच्या पेठेतल्या कट्ट्यावर निकाल लागून गेला होता की झहीर संपला.

तो काळ आम्हालाही लख्ख आठवतो, वेगळ्या कारणानं. २००५ च्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गावात शिरलं. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल खणलेली हळदीची पेवं होती. आत हळद भरायची, वरून तोंड बंद करायचं, वर्षानुवर्षं कीड लागत नाही. पाणी त्या पेवांत गेलं. आमचा माल होता तिथं. पाणी ओसरल्यावर आप्पांनी एक मूठ वर काढली, चुरगाळून पाहिली आणि परत खाली टाकली. त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढचं सबंध वर्ष मी देणी फेडत गावोगाव फिरत होतो, आणि एसटीत पेपर उघडला की क्रीडा पानाच्या तळाशी बारीक टायपात इंग्लंडच्या काउंटी सामन्यांचे आकडे असायचे. त्यात एक नाव पुन्हा पुन्हा यायला लागलं. वूस्टरशायर. झेड. खान. चार बळी. पाच बळी. एका डावात तर इसेक्सविरुद्ध नऊ, १३८ धावांत, आणि तेही पडलेले पहिले नऊच्या नऊ. कीपरच्या हातून एक झेल सुटला नसता तर दहाही त्याचेच होते. हंगामाच्या शेवटी ७८ बळी.

वूस्टरचं मैदान सेव्हर्न नदीच्या काठावर आहे. पूर आला की पाणी सरळ मैदानात येतं आणि खेळपट्टीवर बदकं पोहतात, असे फोटो नंतर मी पाहिले. पुरानं धुतल्या गेलेल्या माझ्या त्या वर्षात हा माणूस नदीकाठच्या मैदानावर परत उभा राहत होता. योगायोगच आहे, पण मला तो जवळचा वाटतो.

तिथं त्यानं काय केलं? मुलीनं हाच प्रश्न विचारला आणि आम्ही दोन व्हिडिओ शेजारी-शेजारी लावले. एका बाजूला २००० चा नैरोबीचा झहीर, दुसऱ्या बाजूला २००७ चा. ती पावलं मोजायला लागली. मी गप्प बसलो, मला आधीच माहीत होतं. रनअप लहान झाला होता. शेवटची ती उंच झेप जवळजवळ गेली होती. जी झेप बघून मी कॉटवर उठून बसलो होतो, ती त्यानं सोडून दिली होती. पाय जमिनीच्या जवळून येत होते, डोकं हलत नव्हतं, मनगट चेंडूच्या सरळ मागे. वेग पाच-सात किलोमीटरनं, कधी त्याहून जास्त उतरला होता. आणि चेंडू बोलायला लागला होता.

आठवड्याला एक सामना, लगेच दुसरा, असं इंग्लंडचा अख्खा उन्हाळा टाकायचं तर झेप परवडत नाही. रोज एवढ्या उंचीवरून खाली आदळलं तर पाठ सप्टेंबर बघत नाही. इंग्लंडमध्ये वापरतात त्या ड्यूक चेंडूची शिवण उठावाची, ती नीट उभी ठेवून सोडली तर उरलेलं काम हवा आणि खेळपट्टी करते. डावखुऱ्याचा चेंडू उजव्या बॅट्समनच्या समोरून तिरका निघून जातो, सोडून द्यायला सोपा. तो टप्प्याच्या जरा आधी आत वळवता आला की प्रत्येक चेंडू खेळावा लागतो. डावखुरा बॅट्समन समोर आला की राउंड द विकेट, म्हणजे स्टंपच्या दुसऱ्या बाजूनं, जायचं आणि टप्प्यावरून चेंडू बाहेर काढायचा. दक्षिण आफ्रिकेच्या डावखुऱ्या ग्रॅम स्मिथला हे त्यानं इतक्या वेळा केलं की पुढे पुढे स्मिथ गार्ड घेतानाच अवघडलेला दिसायचा.

हे सगळं जोराच्या आड दडलेलं होतं. जोर होता तोवर त्याला त्याची गरजच पडली नव्हती.

२००७, इंग्लंडमधलं ट्रेंट ब्रिज. ही कसोटी आम्ही तीन रात्री बघितली. पहिल्या डावात ५९ धावांत ४. भारताची फलंदाजी चालू असताना खेळपट्टीवर कुणीतरी जेली बीन्सच्या गोळ्या टाकल्या, झहीर भडकला, बॅट उगारून बोलला. २००३ चा झहीर असता तर तो राग पुढच्या चेंडूत ओतून वाइड टाकला असता. हा झहीर तो राग घेऊन दुसऱ्या डावात आला आणि ७५ धावांत ५ बळी घेऊन गेला. मायकल वॉन १२४ वर खेळत होता, चेंडू त्याच्या मांडीच्या पॅडला लागून घरंगळत स्टंपवर गेला. असा बळी नशिबाचा म्हणतात. पण एकाच जागी टाकत राहिलं तरच चेंडू कधीतरी असा घरंगळतो. भारत सात विकेटनी जिंकला, आणि १९८६ नंतर पहिल्यांदा इंग्लंडमध्ये मालिका आपली झाली.

जुना चेंडू तो डाव्या हातात घ्यायचा आणि धावताना उजवा पंजा त्याच्यावर झाकून ठेवायचा. रिव्हर्स स्विंगमध्ये, म्हणजे जुना चेंडू नेहमीच्या उलट वळतो तेव्हा, चकाकी कुठल्या बाजूला आहे हे बॅट्समननं बघितलं तर चेंडू कुठं वळणार ते आधीच कळतं, म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत लपवायचं. हे बघताना मला आजोबांची आठवण आली. ते सांगायचे, जुन्या बाजारात रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरायचा. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. मुलीला ते इतकं आवडलं की ती घरभर टेनिसचा चेंडू झाकून फिरायला लागली. टाकायची परवानगी नव्हती, धरायची होती.

२०११ च्या विश्वचषकाचं काय सांगू? नऊ सामने, २१ बळी. शाहिद आफ्रिदीइतकेच, बाकी सगळ्यांहून जास्त. बंगळुरूला इंग्लंड ३३९ चा पाठलाग करत आरामात निघालं होतं, स्ट्रॉस दीडशेच्या पुढे. झहीर जुना चेंडू घेऊन आला. एका चेंडूवर बेल, पुढच्याच चेंडूवर यॉर्करवर स्ट्रॉस पायचीत. सामना टाय झाला. चेन्नईत वेस्ट इंडीजचा डेव्हन स्मिथ ८१ वर जमलेला असताना त्यानं बोटांच्या पेरांवर पकडलेला चेंडू सोडला. हात त्याच वेगानं फिरतो, चेंडू मात्र मधेच दम टाकतो. स्मिथची बॅट आधीच फिरून गेली होती. ज्या माणसाची ओळख वेग होती, तो विश्वचषकात संथ चेंडूवर त्रिफळे उडवत होता.

आणि वानखेडे. फायनल, पहिलं षटक पुन्हा त्याचंच. आठ वर्षांपूर्वीची ती दहा चेंडूंची सकाळ ज्यांना आठवत होती ते सगळे श्वास धरून बसले होते. निर्धाव. दुसरंही निर्धाव. तिसरंही. पहिला स्पेल पाच षटकं, तीन निर्धाव, ६ धावा, १ बळी. थरंगाचा झेल स्लिपमध्ये सेहवागनं उजवीकडे झेपावून घेतला. शेवटी त्याला धावा बसल्या, दहा षटकांत ६० झाल्या, हे खरं आहे. पण त्या पहिल्या तीन षटकांसाठी मी त्याचा आयुष्यभर ऋणी राहीन.

शरीरानं त्याला पुढेही सोडलं नाही. त्याच वर्षी जुलैत लॉर्ड्सवर साडेतेरा षटकं झाली होती, १८ धावांत २ बळी, इंग्लंडचे दोन्ही सलामीवीर त्यानं परत पाठवले होते, आणि धावता धावता मांडीला हात लावून थांबला. भारत ती मालिका ४-० हरला. तो मैदानाबाहेर जातानाचा शॉट मुलीनं दोनदा मागे घेऊन बघितला. शेवटची कसोटी वेलिंग्टनला, २०१४ च्या फेब्रुवारीत. न्यूझीलंडच्या मॅक्युलमनं ३०२ केल्या. पस्तिशीतल्या झहीरनं त्या एका डावात ५१ षटकं टाकली आणि १७० धावांत ५ बळी घेतले, त्यात मॅक्युलमही होता. एक्कावन्न षटकं! २०१५ च्या ऑक्टोबरात तो निवृत्त झाला. ९२ कसोटी, ३११ बळी. २०० एकदिवसीय, २८२ बळी. कपिल देवनंतर कसोटीत तीनशेच्या पुढे गेलेला आपला दुसराच फास्ट बॉलर.

वेलिंग्टनचा सामना संपला त्या रात्री तिनं लॅपटॉप मिटला आणि विचारलं.

"पप्पा, तुमची पाठ बरी झाली होती ना?"

"हो."

"मग?"

मी तिला कीपरची गोष्ट सांगितली. स्टंपला चिकटून उभा राहिलेला मित्र, कॅप्टनच्या हातात दिलेला चेंडू, सगळं. माझा आवाज नीट येत नव्हता. ती ऐकत होती. मी म्हणालो, झहीरनं वेग सोडला, बॉलिंग धरून ठेवली. मला वाटत होतं दोन्ही एकच आहेत, म्हणून मी दोन्ही सोडलं. मला बारा पावलांतून चेंडू आत आणता आला असता. मॅटिंगवर तर नक्कीच आला असता. मी करून बघितलं नाही.

ती बराच वेळ माझ्या शेजारी बसून राहिली. नंतर उठून पाणी घेऊन आली. मला तहान लागली नव्हती, तरी प्यायलो.

चार महिने संपले. पुन्हा मिरज, पुन्हा एमआरआय. ठिपका गेला होता. पहिल्या आठवड्यात दिवसाआड चोवीस चेंडू, त्यापेक्षा एकही जास्त नाही, अर्ध्या जोरानं. फिजिओनं कागदावर लिहून दिलं आणि तिनं तो कागद किटबॅगच्या आत चिकटवला.

विश्रामबागच्या त्या मैदानावर सकाळी साडेसहाला ऊन अजून झाडांच्या शेंड्यावरच होतं. तिची जुनी खूण, विटेचा तुकडा, चार महिने तिथंच पडून होता, भोवती गवत आलेलं. मी कुंपणाला टेकून उभा राहिलो. तिनं वीट उचलली, क्रीजपर्यंत आली आणि उलट चालत निघाली. मी ओठ घट्ट मिटून घेतले, तरी मनात आकडे चालूच होते. ती थांबली, वीट ठेवली, टाचेनं दाबली.

पहिले दोन चेंडू सरळ गेले, हळू. समोर पॅड बांधलेली मुलगी पुढच्या पायावर येऊन आरामात खेळली. कीपर चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा, चुणचुणीत. तिसऱ्या चेंडूनंतर तो चार पावलं पुढे आला. पाचव्यानंतर ग्लोव्हज नीट करत स्टंपला चिकटून वाकला.

माझ्या हातात कुंपणाची तार होती. तिनं त्याला बघितलं. मग कुंपणाकडे, माझ्याकडे बघितलं.

"मागं जाऊ का, दीदी?" पोरानं विचारलं. त्याला काहीतरी जाणवलं असावं.

"नको, तिथंच राहा," ती म्हणाली. "आत येणारे. लेगला लक्ष ठेव."

उजव्या पंजानं चेंडू झाकत ती विटेकडे वळली. बारा पावलं.